रिचार्जपायी वर्षाला तीन क्विंटल सोयाबीन! मोबाइल स्वस्त कसा झाला होता आणि आता महाग का होतोय?

मुरुम (ता. उमरगा) : चार मोबाइलचं एक घर धरा. घरधन्याचा एक, घरधनिणीचा एक, कॉलेजला जाणाऱ्या पोराचा एक आणि म्हाताऱ्या आईचा एक. चौघांच्याही फोनवर 28 दिवसांचा 299 रुपयांचा पॅक. 28 दिवस म्हणजे महिना नव्हे, त्यामुळे वर्षात 12 नाही तर 13 वेळा रिचार्ज मारावा लागतो. चार फोन, तेरा वेळा, 299 रुपये. हिशेब होतो 15,548 रुपये. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव आहे 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे हमीभावाने विकलं तरी जवळपास तीन क्विंटल सोयाबीन नुसतं बोलण्या-बघण्यावर जातं. बाजारात भाव 4,400 वर आला, की तिनाचं साडेतीन क्विंटल होतं.

यातले सुमारे 2,370 रुपये 18 टक्के जीएसटीचे, म्हणजे सरकारच्या खात्यात जाणारे. बाकीचे कंपनीचे.

आता 2016 ची दिवाळी आठवा. त्या वेळी गावागावात पोरं आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन सिमसाठी रांगा लावत होती आणि महिनोन्‌महिने नेट फुकट चाललं होतं. तेच टॉवर, तीच माणसं. मग फुकटचं 299 कसं झालं? कंपन्या लुटतात, एवढं म्हणून विषय संपत नाही. याचं उत्तर बाजारात किती दुकानं उघडी आहेत, यात आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

सोळा रुपये ऐंशी पैसे मिनिट

भारतात मोबाइलवरून पहिला फोन झाला 31 जुलै 1995 रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पुढं सरकारने देशाचे भाग पाडले, त्यांना सर्कल म्हणतात, आणि प्रत्येक सर्कलमध्ये दोनच कंपन्यांना परवाने दिले. मुंबई वेगळी. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. आपल्या सर्कलमध्ये त्या दोन कंपन्या होत्या बिर्ला एटी अँड टी, म्हणजे पुढची आयडिया, आणि बीपीएल.

दोनच दुकानं, त्यामुळे दर ठरवायला फारशी घासाघीस नव्हती. मिनिटाला 16 रुपये 80 पैशांपर्यंत आकारायला परवानगी होती. वर आलेल्या फोनचेही पैसे लागायचे. म्हणजे समोरच्याने फोन केला तरी तुमचेच पैसे कटणार! त्या काळात मुरुम, उमरगा, लोहारा भागातल्या माणसाचा फोन म्हणजे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. आत शिरायचं, डोळे लाल आकड्यांवर ठेवायचे आणि बोलणं आवरतं घ्यायचं.

कंपन्याही खूष नव्हत्या. परवाने घेताना त्यांनी लिलावात मोठाले आकडे बोलले होते आणि तेवढी गिऱ्हाइकं मिळेनात. 1999 च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरलेली परवाना फी बाजूला ठेवली. कमाईतला हिस्सा सरकारला द्या, असं ठरलं. दुकानांची संख्याही वाढायला लागली. 2000 साली सरकारी खात्यातून बीएसएनएल कंपनी झाली आणि 2002 च्या ऑक्टोबरमध्ये तिने मोबाइल सुरू केला. डिसेंबरअखेर रिलायन्स इन्फोकॉम उतरली. 2003 च्या जुलैत तिने 501 रुपये भरून हातात फोन देण्याची योजना काढली. त्याआधी 1 मे 2003 पासून देशभर आलेला फोन फुकट झाला होता.

गावाकडं मोबाइल खऱ्या अर्थाने शिरला तो या एका निर्णयाने. बॅलन्स नसला तरी फोन वाजतो म्हटल्यावर माणसाने सिम घेतलं. मिस कॉल ही आपली शोधलेली भाषा. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंगा म्हणजे डबा घेऊन या.

पुढं 2008 साली एकदम 122 परवाने वाटले गेले. ते ज्या पद्धतीने वाटले त्यावरून रामायण झालं आणि 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. पण मधल्या काळात युनिनॉरसारखी नवी नावं बाजारात आली होती. तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉननेही सिम काढलं. जून 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा हिशेब आणला. तोवर 10 सेकंद बोललं तरी अख्खं मिनिट कटायचं. एकाने सेकंदावर आणल्यावर बाकीच्यांनाही काही महिन्यांत तेच करावं लागलं.

रिकामी जीप आणि रिकामा टॉवर

एकापेक्षा जास्त कंपन्या आल्या की दर पडतातच असं का? कारण मोबाइलचा धंदा मुरुम–उमरगा काळीपिवळीसारखा आहे. जीप निघाली की डिझेल तेवढंच लागतं, आत चार माणसं असोत की दहा. एकच जीप असली तर ड्रायव्हर भाडं सांगेल ते. दोन-तीन जीप आल्या की रिकाम्या सीटपेक्षा पाच रुपये कमी घेतलेले परवडतात. टॉवरचं तसंच. जागा, लोखंड, जनरेटर, वीज, तरंगांचा म्हणजे स्पेक्ट्रमचा लिलाव हा खर्च आधीच झालेला असतो. त्यानंतर तुमचा एक फोन जास्त गेला तर कंपनीला जवळजवळ काही लागत नाही. म्हणून रिकामा टॉवर बाळगणारी कंपनी दर पाडून गिऱ्हाईक ओढते. शेजारचीला ते पाहून पाडावे लागतात.

पण अट एक आहे. गिऱ्हाइकाला या जीपमधून उतरून त्या जीपमध्ये बसता आलं पाहिजे. मोबाइलमध्ये हे अवघड होतं, कारण नंबर कंपनीचा होता. पाव्हण्यारावळ्यांच्या डायरीत, दुकानाच्या पाटीवर, बँकेत तोच नंबर. कंपनी बदलायची तर नंबर सोडा. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. यालाच आपण पोर्ट करणं म्हणतो. त्या दिवशी नंबर गिऱ्हाइकाचा झाला.

आपल्या भागाला आणखी एक त्रास होता, तो लातूरच्या आतल्या गावांना कळायचा नाही. मुरुमपासून कर्नाटकची हद्द जवळ. आळंद, बसवकल्याण, कलबुर्गीला कुणाची लेक दिलेली, कुणाचा दवाखाना तिकडचा. हद्द ओलांडली की दुसरं सर्कल, म्हणजे रोमिंग. आलेल्या फोनचेही पैसे. सीमेलगतच्या शिवारात तर माणूस महाराष्ट्रातल्या बांधावर आणि फोनने पकडलेली रेंज कर्नाटकातल्या टॉवरची, असाही प्रकार. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने टप्प्याटप्प्याने हे दर खाली आणले. पण ते पूर्ण गेले ते 2016-17 मध्ये, जिओने रोमिंग फुकट केल्यावर आणि मग एअरटेलसकट बाकीच्यांनीही ते सोडून दिल्यावर.

म्यानमार, इथिओपिया आणि केरळचे कोळी

हे आपल्याकडेच झालं असं नाही. शेजारच्या म्यानमारमध्ये फोन फक्त सरकारी खात्याकडे होता. तिथं एका सिमला एकेकाळी हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. 2013 मध्ये दोन परदेशी कंपन्यांना परवाने दिले आणि 2014 मध्ये त्यांनी सिम आणलं तिथल्या 1,500 क्याटला, म्हणजे आपल्या शंभरेक रुपयांना. लोखंड स्वस्त झालं नव्हतं की माणसं श्रीमंत झाली नव्हती. दुकानं वाढली होती, बस. आफ्रिकेतल्या इथिओपियात मात्र एकच सरकारी कंपनी 2022 पर्यंत चालली. शेजारच्या केनियात लोक 2007 पासून एम-पेसावर, म्हणजे साध्या फोनवरून, पैसे पाठवत होते. तीच केनियाची सफारीकॉम 2022 मध्ये इथिओपियात दुसरी कंपनी म्हणून उतरली.

स्पर्धेने मोबाइल आला, तसा मोबाइलने दुसऱ्या बाजारात स्पर्धा आणली. याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण केरळचं. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी त्या काळात तिथल्या मासळी बाजारांचे भाव आठवड्याला नोंदवले. आधी कोळी आपल्या गावच्या बंदरावरच माल उतरवायचा. एका बंदरावर मासळी पडून सडायची आणि पलीकडच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. मोबाइल आल्यावर होडीतूनच फोन करून जिथं भाव आहे तिथं होडी वळायला लागली. फेकून द्यावी लागणारी मासळी आधी 5 ते 8 टक्के होती, ती जवळपास थांबली. कोळ्याचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी 4 टक्के स्वस्त मिळाली.

आपल्याकडं होडीच्या जागी टेम्पो धरा. मुरुम बाजार समितीत तुरीचा, सोयाबीनचा काय भाव निघाला आणि लातूरला काय, सोलापूरला काय, हे दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर येतं. भाडं वजा करून कुठं जायचं ते शेतकरी घरून ठरवतो. माल नाही नेला तरी व्यापाऱ्यासमोर लातूरचा भाव सांगता येतो, हेही काही कमी नाही. अर्थात केरळच्या कोळ्यासारखी सगळ्यांचीच होडी वळत नाही. उचल घेतलेला शेतकरी आडत्याला बांधलेला असतो, त्याला भाव कळून उपयोग काय? तिथं मोबाइलचं काही चालत नाही.

दुकानं बंद कशी पडली

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. बोलणं फुकट आणि 31 मार्च 2017 पर्यंत नेटही फुकट. त्याआधी एक जीबी नेटला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे. जिओच्या मागं मोठं भांडवल होतं, त्यामुळे तोटा सोसून तिला बसता आलं. बाकीच्यांना ते झेपलं नाही. कर्ज काढून लिलावात स्पेक्ट्रम घेतलेला, वर जुनी देणी. रिलायन्स कम्युनिकेशन्सने 2017 अखेर मोबाइलवरचं बोलणं बंद केलं. एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. टाटाची आणि टेलिनॉरची गिऱ्हाइकं एअरटेलकडे गेली. 31 ऑगस्ट 2018 ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आखाड्यात डझनभर पैलवान उतरले होते. दोन वर्षांत तीन खासगी आणि एक सरकारी उरला. त्यातही आज देशातली जवळपास तीन चतुर्थांश सिमं पहिल्या दोघांची, म्हणजे जिओ आणि एअरटेलची आहेत. व्होडाफोन आयडिया कर्जात आहे. तिच्याकडची देणी शेअरमध्ये बदलून 2025 पासून केंद्र सरकारच तिचं 48.99 टक्के मालक झालं आहे.

पुढचं सगळ्यांनी खिशातून अनुभवलं. आधी 2018 मध्येच लाइफटाइम गेलं. 2005-06 च्या सुमारास 999 रुपये भरून ‘आयुष्यभर इनकमिंग’ म्हणून जी सिमं विकली होती, ती चालू ठेवायलाही 35 रुपयांचा रिचार्ज लागायला लागला. मग डिसेंबर 2019 मध्ये दरवाढ, नोव्हेंबर 2021 मध्ये दरवाढ, जुलै 2024 मध्ये दरवाढ. शेवटच्या वेळी जिओने 27 जूनला जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी एअरटेल, व्होडाफोन आयडियानेही. 3 आणि 4 जुलैपासून तिघांचेही नवे दर लागू. 155 चा पॅक 189 झाला, 239 चा 299, वर्षाचा 2,999 चा 3,599. पुढं ऑगस्ट 2025 मध्ये रोज एक जीबीचा 249 चा पॅक जिओ आणि एअरटेल दोघांनीही काही दिवसांच्या अंतराने काढून टाकला.

तिघं एका खोलीत बसून ठरवतात, असं म्हणायला इथं पुरावा नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. तीन जीप असल्या आणि एकाने भाडं वाढवलं, की दुसरा विचार करतो, मी कमी ठेवून काय मिळणार? मीही वाढवतो. दहा जीप असताना हे जमत नाही, कुणीतरी एक फुटतोच.

नवी कंपनी का येत नाही? स्पेक्ट्रम, टॉवर, केबल मिळून हजारो कोटी आधी ओतायचे आणि समोर मोठं भांडवल असलेले दोघे. मागच्या डझनभर कंपन्यांचं काय झालं तेही सगळ्यांनी पाहिलंय. आणि कंपन्यांची एक बाजू खरीही आहे. जगाच्या मानाने आपलं नेट अजूनही स्वस्तात मोडतं आणि 2017 चे दर तोट्याचे होते, ते टिकणारे नव्हतेच. पण लढाईत दर पाडून बाकीचे संपवायचे आणि मैदान मोकळं झालं की वाढवायचे, यात गिऱ्हाइकाला मिळालेलं फुकट हे उसनं निघालं.

जुलै 2024 च्या दरवाढीनंतर लोक गप्प बसले नाहीत, हेही नोंदवलं पाहिजे. ‘ट्राय’च्या आकड्यांनुसार त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे 29 लाखांवर गिऱ्हाइकं वाढली. तिन्ही खासगी कंपन्यांची मिळून 38 लाखांच्या आसपास घटली. पण बीएसएनएलचं 4जी तेव्हा बहुतेक ठिकाणी आलेलंच नव्हतं. नेट चालेना, म्हणून काही महिन्यांत हा ओघ आटला. स्वदेशी 4जीचे सुमारे 97,500 टॉवर सुरू झाल्याचं जाहीर व्हायला 27 सप्टेंबर 2025 उजाडला.

स्पर्धा एक काम मात्र करत नाही. जिथं तीस घरं आहेत अशा वस्तीवर, तांड्यावर ती टॉवर आणत नाही. तिथं जीप रिकामीच जाणार, हे कंपनीला आधीच कळतं. त्यासाठी वेगळा निधी आहे, डिजिटल भारत निधी, पूर्वीचा युएसओ फंड. कंपन्यांच्या कमाईतले 5 टक्के त्यात जातात, म्हणजे शेवटी रिचार्जमधूनच. या निधीतून 2022 च्या जुलैत केंद्राने रेंज नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटींची योजना मंजूर केली. ज्या वस्तीवर अजून झाडाखाली उभं राहून फोन लावावा लागतो, तिथल्या ग्रामपंचायतीने खासगी कंपनीच्या मागं लागण्यापेक्षा या निधीचं नाव घेऊन अर्ज केलेला बरा.

मग घरातल्या चार फोनचं काय?

आधी म्हाताऱ्या आईचा बटणाचा फोन बघा. तिला नेट लागत नाही, तरी नेटचे पैसे का भरायचे? ‘ट्राय’ने 23 डिसेंबर 2024 ला नियम केला, की कंपन्यांनी फक्त बोलणं आणि एसएमएसचा पॅक दिलाच पाहिजे, आणि तो 365 दिवसांपर्यंत असू शकतो. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये एअरटेलने 84 दिवसांचा 469 आणि 365 दिवसांचा 1,849 रुपयांचा, जिओने 84 दिवसांचा 448 आणि 336 दिवसांचा 1,748 रुपयांचा असा पॅक ठेवला. 299 चे तेरा रिचार्ज होतात 3,887 रुपये. आईचा फोन 1,849 वर नेला तर एका फोनमागं 2,038 रुपये वाचतात. हे पॅक जाहिरातीत दिसत नाहीत. दुकानदाराला ‘नेट नसलेला, नुसता बोलायचा’ असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि मारण्याआधी त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा.

28 दिवसांचा तेरावा रिचार्ज नको असेल, तर 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे पॅक ठेवणं कंपन्यांना जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे. तेही विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आणि कंपनी बदलायची असेल, तर आधी शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम घेऊन घरात, गोठ्यात आणि शेतातल्या विहिरीवर रेंज तपासा. कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा टाकावा लागतो, तोही बघा, पण पत्र्याच्या घरात काय होतं ते नकाशाला माहीत नसतं. पटलं, की इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 ला पाठवायचा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे, असा ‘ट्राय’चा डिसेंबर 2021 चा आदेश आहे. उत्तरात कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सर्कल तेच असेल तर कामकाजाचे तीन दिवस लागतात, कर्नाटकातून महाराष्ट्रात आणायचा असेल तर पाच. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असले पाहिजेत. जुना बॅलन्स आणि उरलेले दिवस नव्या कंपनीत जात नाहीत, तेव्हा पॅक संपायला चार-पाच दिवस राहिले की एसएमएस टाका.